चहानंतर

३ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडणार असशील, तर फाडण्याआधी एवढं वाच. आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नीट झालं, आई शुद्धीत आहे आणि डॉक्टरांना 'टीप मारलीत का नुसता धावदोरा घातलात?' असं विचारूनही झालंय. आता फाडलंस तरी माझी तक्रार नाही.

नाही ना फाडलंस? मग बस जरा.

फोनच केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. चौदा महिने मी अधूनमधून लावून बघते. एक बाई सांगते, संपर्क होऊ शकत नाही. ती निदान माझ्यावर ओरडत तरी नाही. 'आईला त्या वृद्धाश्रमात नेऊन टाकलंस तर मला बहीण नाही असं समजेन,' असं तू म्हणालीस आणि तशी वागलीसही. शब्दाची पक्की आहेस, हे काय मला आज कळतंय?

पडून सतरा दिवस झाले. कळवायला उशीर झाला. ऑफिसात फार काम होतं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. कागद पुढ्यात घेऊन बसायचे आणि उठायचे.

पडली कशी, तर तिच्या मजल्यावर जेवणघरातून मोठ्या दाराकडे जाताना मध्ये एक छोटा उतार आहे, व्हीलचेअर नेता यावी म्हणून केलेला. दोन्ही बाजूंना कठडा आहे. पण आईच्या हातात चहाचा कप होता, त्यामुळे कठडा धरता आला नाही. कप घेऊन ती दाराकडे कशाला निघाली होती, ते कुणी नीट सांगितलं नाही. या वयात माणसं निघतात कुठेही. यात कुणाचाच दोष नाही.

ती गेलं वर्षभर वरच्या मजल्यावर असते. खाली चालती-बोलती मंडळी, वर जास्त विसरणारी. वर कशी गेली ते सांगेन कधीतरी. मजला चांगला आहे, उजेड भरपूर. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवतात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून, आणि वळवलं की पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर वेळ लिहितात. सकाळी व्यायाम करून घेणारी मुलगी येते. आई तिला 'छळवादी' म्हणते आणि मुकाट्याने पाय उचलते. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आत खोलीचा नंबर घातलाय, धुलाईत सरमिसळ होऊ नये म्हणून. तरी परवा तिच्या अंगात कुणाचा तरी भलताच स्वेटर होता. आईने तो उलटा करून शिलाई बघितली आणि म्हणाली, "असू दे, काम चांगलं आहे." अख्खा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला, आता हौसेने दुसऱ्याचे घालते.

तुझी आठवण काढते. म्हणजे, अधूनमधून.

ये, असं मी म्हणत नाही. नुसतं कळवलं. उगाच माझ्या जिवाला घोर नको.

शेपूट

(तूच ठेवलेलं नाव. तू जाशील तिथे मी मागे मागे यायचे म्हणून. विसरली असशील.)


१० मार्च

ताई,

'अधूनमधून' असं लिहिलं होतं मी. खोटं होतं. रोज. दिवसातून आठ-दहा वेळा.

हे मला आज कळलं, मावशींकडून. मावशी म्हणजे वरच्या मजल्यावर दिवसपाळीला असतात त्या. आईचं अंग पुसणं, केस विंचरणं, भरवणं सगळं त्या करतात. त्या मला ताई म्हणतात. दरवेळी मी दचकते, तूच आलीस की काय असं वाटून मागे वळून बघते. आज आम्ही दोघी मिळून चादर बदलत होतो. आई कुशीवर झोपलेली. मावशी म्हणाल्या, "ताई, एक बोलू का? राग नका मानू. आजी पडल्या ना, ते आमच्या बोलण्यामुळे."

म्हटलं, "कसलं बोलणं?"

तर ऐक. वरच्या मजल्यावर 'नाही' म्हणायचं नाही, असा नियम आहे. कुणी म्हटलं, मला शाळेत जायचंय, तर शाळा कधीच सुटली असं सांगायचं नाही. एक काका आहेत, पोलिसातून निवृत्त झालेले. ते बायकोची वाट बघतात. बायको जाऊन अकरा वर्षं झाली. ती गेली असं सांगितलं तर ते दरवेळी नव्याने रडतात. मग सांगायचं काय? "येतील हं, चहानंतर." साडेतीनला चहा येतो, सोबत बिस्कीट असतं, तोवर काका विसरलेले असतात. इतकी सोपी युक्ती. तिथे सगळेच वापरतात, नर्सपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत. शाळा चहानंतर, नवरा चहानंतर, घरी जायचंय तेही चहानंतर.

आई विचारायची, "माझी मोठी कधी येणार?" तिलाही तेच. "चहानंतर हं, आजी."

पण ताई, आई विसरायची नाही. चहा घाईघाईने गरम गरम ढोसायची आणि विचारायची, "झाला माझा. कुठाय ती?" मग कुणीतरी म्हणायचं, "सगळ्यांचा व्हायचाय अजून." झालं. दुसऱ्या दिवसापासून आई टेबलाभोवती फिरून सगळ्यांच्या मागे लागली. "आटपा हो, आटपा, तुमच्या फुंकण्यापायी माझी मुलगी खोळंबलीय." पोलिसकाकांचा अर्धा कप तिने स्वतःच पिऊन टाकला. मावशी हे सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मीही हसले. आईला अगदी शोभतं ते.

मग ती सकाळी सहालाच चहा मागायला लागली. दुपारी जेवण बाजूला सारून चहा मागायची. रोजचे सात-आठ कप. त्यांनी फाईलमध्ये लिहिलं, 'चहाची मागणी वाढली आहे.'

त्या दिवशी चहा झाल्यावर तिने कप उपडा केला. थेंबही पडला नाही. तो कप तसाच हातात घेऊन दाराकडे निघाली. दाराला किल्ली असते, तिथे एक बाई बसलेली असते. तिला दाखवायला निघाली होती, की बघा, संपला. बशी टेबलावरच राहिली. ज्या हाताने कठडा धरायचा, त्या हातात कप होता.

मावशी म्हणाल्या, "आम्हाला काय ठाऊक त्या खरंच विचारतायत. नसलेली माणसं सगळेच मागतात ना वर."

मी म्हटलं, "नसलेली म्हणजे?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही एकट्याच ना त्यांना?"

मी चादरीचं टोक गादीखाली खोचत बसले. खोचून झालेलंच होतं, तरी खोचत राहिले.

आता लिहितेच. तिथे दाखल करताना चार पानांचा फॉर्म असतो. तिसऱ्या पानावर 'अपत्ये' असा रकाना आहे, संख्या लिहायची. ताई, मी दिवसभर दुसरं करते काय? बावीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासतेय. वारस, अवलंबून असलेल्या व्यक्ती, जन्मतारीख, नातं. रकाना चुकला तर फॉर्म तसाच परत करते, मग समोरचा माणूस कितीही लांबून आलेला असो. लोक मला माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. त्या रकान्याचं मोल माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार होतं?

आदल्या दिवशीच तू फोनवर ते बोलली होतीस. 'मला बहीण नाही.' सहा वर्षं आईला मी सांभाळलं, तिने तीनदा गॅस उघडा ठेवला, एकदा बाहेर पडली ती चार तासांनी सापडली, मी ऑफिसातून दर तासाला शेजारणीला फोन करायचे, आणि तू तिथून, लांबून, एका वाक्यात निकाल देऊन मोकळी. मी पेन उचललं आणि लिहिलं: १.

तू मला कमी केलंस, मी तुला. त्या वेळी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

शेपूट


१९ मार्च

ताई,

मागच्या पत्रात सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. पत्र पेटीत टाकून परत येताना मलाही तसंच वाटत होतं. चांगलं हलकं हलकं वाटलं. घरी येऊन दोन घास जास्त जेवले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना आठवलं, की फोनचं तर मी लिहिलंच नाही.

आठवलं असं लिहितेय. विसरलेच कधी होते?

दाखल केल्यावर दोन महिन्यांनी मोठ्या सिस्टरांचा ऑफिसात फोन आला. मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या मुख्य नर्स, सगळं त्याच बघतात. फार नेमक्या बाई. म्हणाल्या, "तुमच्या आई सारखं सांगतात, मला दोन मुली आहेत, मोठी परदेशात असते. आमच्याकडे नोंद एकाच मुलीची आहे. नक्की काय ते विचारावं म्हटलं. तुम्हाला बहीण आहे का?"

सरळ प्रश्न होता. माझ्या टेबलासमोर सहा माणसं रांगेत उभी होती. शेजारच्या टेबलावरची बाई कान देऊन ऐकत होती, तिला आपलं भांडण माहीत होतं. मी म्हटलं, "नाही हो. मी एकटीच."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग थोडा भ्रम सुरू झालाय म्हणायचा. वरच्या मजल्यावर हलवू या, तिथे लक्ष जास्त राहील. कागदावर तुमची सही लागेल."

मी शनिवारी जाऊन सही केली.

म्हणजे कसं झालं बघ. आई खरं बोलत होती आणि मी वेडी ठरवली तिला. ती गॅस विसरायची, चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, वार विसरायची. पण आपल्याला मुली किती हे काही ती विसरली नव्हती. सिस्टरांना ती म्हणालीही होती, "अहो, एका कापडातून दोन फ्रॉक काढलेत मी वर्षानुवर्षं. मोठीचा आधी बेतायचा, उरलेल्यात धाकटीचा. बेतणाऱ्याला संख्या कळत नाही होय?" हे फाईलमध्ये लिहिलेलं आहे, जसंच्या तसं. खाली शेरा: 'भ्रम तपशीलवार आहे.'

आज अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेले. म्हटलं, फॉर्म दुरुस्त करायचाय. मोठ्या सिस्टरांनी फाईल काढली. १ खोडला, बाजूला २ लिहिला. खाडाखोड केली की शेजारी सही आणि तारीख लागते, मी लोकांना हेच सांगते. सही केली. सिस्टरांनी फाईल बंद केली. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं."

मी म्हटलं, "हो."

"मला वाटलं होतं, त्यांच्याकडे बघून वाटायचं, की ह्या बाई खरं बोलतायत. पण मुलगीच नाही म्हणते म्हटल्यावर..." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खाली येताना पत्ता आणि नातेवाईकांची यादी बदलायला रिसेप्शनवर थांबले. तिथली मुलगी यादी लिहिता लिहिता म्हणाली, "ह्या बाहेरच्या मुलखातल्या का? मग ह्यांचेच फोन असतील." आणि तिने फोनची वही उलटी फिरवून माझ्यापुढे सरकवली.

तीन नोंदी आहेत, ताई. गेल्या एप्रिलमध्ये एक, जूनमध्ये एक, नंतर आईच्या वाढदिवसाला. 'मुलगी असल्याचे सांगितले. नोंदीत नाव नाही. फोन जोडला नाही.' तिन्ही वेळा तेच वाक्य, अक्षर वेगवेगळं. रिसेप्शनची वही वर जात नाही आणि वरची फाईल खाली येत नाही. आई वर तुझी वाट बघत चहा पीत होती, आणि तू फोनवर खाली ताटकळत होतीस. मध्ये फक्त एक जिना.

तुला काय वाटलं असेल? आईनेच सांगितलं असेल, माझा फोन देऊ नका म्हणून? तसं वाटून तू गप्प बसलीस का? मी इथे चौदा महिने सगळ्यांना सांगत फिरले, की माझ्या बहिणीने साधी चौकशी केली नाही. ऑफिसात सांगितलं. आमच्या ह्यांना सांगितलं. आईलाही सांगितलं.

हो, आईलाही. 'तिला पडलेली नाही तुझी,' असं म्हणाले होते एकदा. आई म्हणाली होती, "असं नाही बोलू."

माझी लाज वाटते मला.

शे.


२८ मार्च

ताई,

तुझ्याकडून काही नाही. असू दे. मी लिहीत राहते, मला तेवढंच येतंय सध्या.

आईला परत खाली आणलं. मोठ्या सिस्टरांनी स्वतः येऊन तिची माफी मागितली. आई म्हणाली, "तुमच्या बाहीची शिलाई उसवलीय, द्या इकडे." सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या आणि आईने पडल्या पडल्या चार टाके घालून दिले. सुई ओवायला मात्र माझी मदत लागली.

खोलीत तिच्या सोबतीला एक मास्तरीणबाई आहेत, एक्याण्णव वर्षांच्या. सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, अजून शिकवणं थांबलेलं नाही. पाटी वाचून शुद्धलेखनाच्या चुका काढतात. सूचनाफलकावरचा 'आंघोळिची वेळ' त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केलाय. मी आईला खरं काय ते सांगायचं ठरवून गेले होते, पण मास्तरीणबाई खोलीतून हलायला तयार नाहीत. म्हटलं, ऐकू दे.

आईच्या पलंगाचा कठडा खाली केला, शेजारी बसले. गेल्या आठवड्यात वॉकर धरून ती दाराशेजारच्या खुर्चीपर्यंत जायला लागली होती, तर म्हटलं पायाची नखं कापून द्यावीत. नखं कापता कापता म्हटलं, "आई, मी इथल्या फॉर्मवर एकच मुलगी लिहिली होती. म्हणून ते तुला खोटं ठरवत होते."

आई पायाकडे बघत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही.

मग म्हणाली, "कुठली?"

म्हटलं, "काय कुठली?"

"एकच लिहिलीस ना? मग कुठली ठेवलीस?"

ताई, मी नेलकटर मिटवलं, परत उघडलं. शेवटी म्हटलं, "मला."

"विचारायचं तरी होतंस मला," आई म्हणाली. "मी दोघींना काढून टाकलं असतं."

मास्तरीणबाई खो खो हसल्या. मीही हसायला लागले. मग बघते तर आईने तोंड भिंतीकडे फिरवलेलं. खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला तर तो तिने काढून टाकला. रागाने नाही, हळूच. आपण तापात अंगावरचं पांघरूण काढतो तसा.

मास्तरीणबाईंनी मला बोट दाखवलं. "कोपऱ्यात उभी राहा."

मी उभी राहिले. त्रेपन्न वर्षांची बाई, पर्स खांद्याला, नेलकटर हातात, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात. व्यायामवाली मुलगी आत आली, माझ्याकडे बघून तशीच परत गेली. दहा मिनिटं झाली असतील. मग आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "पुरे आता. डाव्या पायाची राहिलीत."

पण चहाचं ऐक. पडल्यापासून आईने चहा सोडलाय. तोंडाला लावत नाही. आधी वाटलं औषधांनी चव गेली असेल. आज मावशी मुद्दाम वरून खाली आल्या, आलं घालून केलेला चहा घेऊन. आईने कप बाजूला सारला आणि म्हणाली, "नको. इथला चहा खोटारडा आहे."

मावशी बिचाऱ्या कप घेऊन दाराशी उभ्या. जन्मभर चार वाजताच्या चहावाचून ज्या बाईचं डोकं चढायचं, ती गरम पाणी पिते. वजन दीड किलोने उतरलंय. डॉक्टर म्हणतात, चहाचं काही नाही, पण त्याबरोबरचं दूध, बिस्कीट सगळंच बंद झालंय, आणि हाड भरून यायचं तर खाल्लं पाहिजे. काल ती उभीही राहिली नाही. व्यायामवालीला म्हणाली, "चालून जायचंय कुठे?"

म्हणून आता सरळ लिहिते. पहिल्या पत्रात 'ये असं म्हणत नाही' लिहिलं होतं, ते खोड. शेजारी माझी सही आहे असं समज. ये. माझ्यासाठी नको, माझ्याशी बोलूही नकोस. आई खरी होती एवढं तिला दिसू दे. मी सांगून आता तिला पटत नाही. माझ्या शब्दाला तिथे काही किंमत उरलेली नाही, आणि ती मीच घालवली.

शेपूट


११ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड काल आलं. मागे, पुढे, पत्त्याच्या कडेला सगळीकडे शोधलं, आणखी काही लिहिलंय का म्हणून. एकच ओळ.

'तिथे चहा किती वाजता असतो?'

मायना नाही, सही नाही. आमचे हे म्हणाले, "हे काय, चहाची वेळ विचारायला एवढ्या लांबून कार्ड?" मी त्यांना काही सांगितलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

तडक कार्ड घेऊन आईकडे गेले. वाचून दाखवणार होते, पण आई म्हणाली, "दे इकडे." चष्मा लावला, कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. अक्षरावरून बोट फिरवलं. तू 'ह' ची शेपटी अजून तशीच लांब ओढतेस, ती तिने बोटाने शेवटपर्यंत गिरवली.

"येतेय का?" म्हणाली.

आणि ताई, मावशी तिथे होत्या, मास्तरीणबाई होत्या, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तू 'येते' असं लिहिलेलं नाहीस. नुसती वेळ विचारलीयस. मी आजवर आईला जितकं खोटं सांगितलं, तितकं सगळं अशाच वेळी सांगितलं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून किंवा मला. म्हटलं, "आई, मला माहीत नाही. तिने फक्त चहाची वेळ विचारलीय."

आईने माझ्याकडे बघितलं. पडल्यापासून पहिल्यांदाच असं नीट बघितलं असेल. मग म्हणाली, "हे खरं बोललीस."

कार्ड उशीखाली ठेवलं. जरा वेळाने मलाच म्हणाली, "मग कळव ना तिला वेळ. बसलीयस काय?"

तर कळवते. साडेतीन वाजता. तीन पंचविसाला ट्रॉलीचा आवाज येतो, पुढच्या एका चाकाला तेल नाही. पण आईने निरोप दिलाय तो शब्दाला शब्द लिहिते, कारण तिने तो माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलाय: "तिला म्हणावं, साडेतीन वगैरे काही नाही. ती आली, की चहा."

आज सकाळी ती दाराशेजारच्या खुर्चीपर्यंत दोनदा चालली. कपाला हात लावला नाही. मावशींनी विचारलं, तर म्हणाली, "तुमचं उलटं होतं. आधी ती, मग चहा." भाकरी मात्र दूध घालून खाल्ली, अर्धी.

तू येशील तेव्हा मी तिथे असावं की नसावं, ते तूच ठरव. नको असेन तर त्या दिवशी येणार नाही. खाली झाडापाशी बाक आहे, तिथेही बसेन. सवय आहे मला तुझ्या मागे राहायची.

एक सांगायचं राहिलं. आत शिरल्यावर डाव्या हाताला रिसेप्शन आहे. तिथे भेटायला येणाऱ्यांची वही असते. नाव, वेळ आणि रुग्णाशी नातं, असे तीन रकाने. तिसऱ्यात 'मुलगी' असं लिही. कुणी अडवणार नाही. काल मी दोनदा विचारून घेतलंय.

शेपूट